बीआयएम सर्व्हिस घेतली, वापरली: पैसे कुठे वसूल झाले आणि कुठे नाही

निकाल आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच परत जातील. बेसमेंट आणि पोडियमसाठी (टॉवरखालचे रुंद मजले) बीआयएम सर्व्हिस, म्हणजे बिल्डिंगचं पाइप-डक्टसकट थ्रीडी मॉडेल करून घेणं, बिनधास्त घ्या, टिपिकल फ्लोअरसाठी (वरचे एकसारखे मजले) विचार करून घ्या, आणि मॉडेलमधून बीओक्यू (कामाच्या मापांची यादी) आपोआप निघेल आणि बिलिंगवाला मोकळा होईल या आशेवर घेत असाल तर अजिबात घेऊ नका.

मी पुण्यात एका मध्यम बिल्डरकडे प्लॅनिंग, बिलिंग आणि कोऑर्डिनेशन बघतो, म्हणजे खरं तर सगळ्यांचे फोन घेतो. बिल्डिंग म्हणाल तर दोन बेसमेंट, दोन पोडियम आणि वर १८ मजल्यांचा टॉवर. एजन्सी बाहेरची. त्यांनी आमच्याकडून आर्किटेक्ट, आरसीसी आणि एमईपी (एसी-व्हेंटिलेशन, वीज, प्लंबिंग) कन्सल्टंटची टूडी ड्रॉइंग घेतली, त्यावरून रेव्हिट या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल केलं, नेव्हिसवर्क्समध्ये क्लॅश, म्हणजे एकमेकांत घुसणारे भाग, काढले, दर आठवड्याला एक ऑनलाइन मीटिंग आणि शेवटी क्वांटिटी. दर बिल्टअपच्या स्क्वेअर फुटावर, वर १८ टक्के जीएसटी. एजन्सीचं नाव लिहीत नाही, कारण खाली जे रडगाणं येणार आहे ते त्यांच्या एकट्याचं नाहीये, त्यात आम्हीही आहोत, आमचे कन्सल्टंटही आहेत आणि महापालिकेची पद्धतही आहे.

आधी चांगलं सांगतो. बेसमेंट एक. मजल्याची उंची ३६०० मिमी, बीम ७५० चा, म्हणजे बीमखाली उरले २८५०. खाली ट्रिमिक्स (काँक्रीटची फरशी) १०० चं, राहिले २७५०. आता ड्रेनेजची १६० ची लाइन बीमखालून चाललीये, स्लोप १०० ला १, अंतर २० मीटर, म्हणजे लांबच्या टोकाला पाइप २०० मिमी खाली उतरला, त्यात पाइपचा स्वतःचा व्यास आणि हँगर धरा, एकूण ४०० गेले. राहिले २३५०. आणि बरोब्बर त्याच टोकाला व्हेंटिलेशनची ४०० उंचीची डक्ट त्या पाइपच्या खालून आडवी जाते. डक्टचा सपोर्ट धरला तर हातात उरतात १९००. आणि ही जागा कुठली तर रॅम्प उतरल्यावरचा पहिला वळणाचा ड्राइव्हवे. वॅगनआर आरामात जाईल, पण वर कॅरिअर लावलेली इनोव्हा तिथे टेकणार हे नक्की.

हे टूडीत कोणालाच दिसलं नव्हतं आणि त्यात कोणाचा आळस नव्हता. प्लंबिंगवाल्याच्या शीटवर डक्ट नाही, एचव्हीएसी, म्हणजे एसी-व्हेंटिलेशनवाल्याच्या शीटवर ड्रेनेज नाही, आणि दोघांच्याही शीटवर बीम म्हणजे दोन तुटक रेघा, खोली लिहिलेलीच नसते. प्रत्येकाचं ड्रॉइंग आपापल्या जागी बरोबर! मॉडेलमध्ये तिन्ही एकत्र आले तेव्हा लाल झालं. मग आरसीसी कन्सल्टंटकडे जाऊन, थोडं ऐकून घेऊन, दोन बीममध्ये २०० व्यासाच्या स्लीव्ह (पाइप जायला आधीच सोडलेली भोकं) मंजूर करून घेतल्या, बीमच्या खोलीच्या मध्यावर आणि सपोर्टपासून लांब, बाजूला जादा रिंगा टाकून. पाइप बीमच्या पोटातून गेला, डक्ट वर सरकली, उंची परत मिळाली. स्लॅब भरायच्या आधी हे झालं म्हणून दोन स्लीव्हवर निभावलं. भरल्यानंतर कळलं असतं तर कोअर कटिंग (मशीनने काँक्रीटला भोक पाडणं), त्यात सळई कापली जाणार, मग कन्सल्टंटची साइट व्हिजिट, मग पत्र, मग बीमला बाहेरून मजबुती द्यायच्या जॅकेटिंगची चर्चा... ज्यांनी हे भोगलंय त्यांना जास्त सांगायला नको. माझ्या मते सर्व्हिसची अर्धी फी या एका बेसमेंटमध्ये निघाली.

फायर पंप रूम आणि एसटीपीचंही (सांडपाणी शुद्ध करायची जागा) तसंच. जिथे पाइप जास्त आणि जागा कमी तिथे मॉडेलला पर्याय नाही. टॉवरच्या शाफ्टचाही (पाइप वर नेणारा उभा बोळ) फायदा झाला, पण तो कसा झाला ते खाली सांगतो, त्यात गंमत आहे.

आता पहिली कटकट. क्लॅश रिपोर्ट. पहिला रिपोर्ट आला तो हजारोंच्या आकड्याचा, आणि एजन्सीने प्रेझेंटेशनमध्ये तो आकडा मोठ्या अक्षरात टाकलेला, जणू काय जेवढे जास्त क्लॅश तेवढं जास्त काम. उघडून बघितलं तर त्यातले बहुतेक पाइप भिंतीला भिडला, कॉन्ड्युइट (वायरींचा पाइप) स्लॅबमध्ये घुसला असले. अहो कॉन्ड्युइट स्लॅबमध्येच जाणार की, अजून कुठे जाईल! खरे, म्हणजे ज्यावर कोणीतरी निर्णय घ्यायला पाहिजे असे क्लॅश मूठभर होते आणि ते या कचऱ्यात शोधायला आमचाच माणूस बसवावा लागला. पुढे त्यांनी टॉलरन्स लावला (किती मिमीपर्यंतचं भिडणं सोडून द्यायचं ते), ग्रुप केले, बीम विरुद्ध डक्ट, बीम विरुद्ध ड्रेनेज असे वेगळे टेस्ट लावले, तेव्हा रिपोर्ट वाचण्यासारखा झाला. घेणाऱ्यांनी हे आधीच ठरवून घ्या की कच्चा रिपोर्ट चालणार नाही, छाननी करूनच द्यायचा.

दुसरी कटकट माणसांची. मॉडेल करणारी पोरं हुशार आहेत, सॉफ्टवेअरवर हात एकदम साफ, पण बऱ्याच जणांनी शटरिंग खोललेला स्लॅब जवळून बघितलेला नाही. आमच्या टॉयलेटला ३०० चा संक आहे, म्हणजे स्लॅब तेवढा खाली, नहाणी ट्रॅप त्या संकमध्येच बसतो, वर ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा) कोबा, मग टाइल. मॉडेलमध्ये सगळे ट्रॅप स्लॅबखाली लटकवलेले, हॉटेलात असतात तसे, म्हणजे खालच्या फ्लॅटच्या छतातून पाइप. मीटिंगमध्ये विचारलं तर तो मुलगा म्हणतो, सर फॅमिली तशीच होती. फॅमिली म्हणजे रेव्हिटमधला तयार कंपोनंट, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. त्याचा राग येत नाही, कारण क्लासमध्ये त्याला रेव्हिट शिकवलंय, टॉयलेट कोणी शिकवलंच नाही. पण मग प्रत्येक टॉयलेट तपासायला आमच्या प्लंबिंग इंजिनिअरचा वेळ जातो आणि तो वेळ एजन्सीच्या कोटेशनमध्ये कुठेच धरलेला नसतो. उलट दिशेनेही तेच आहे बघा, ज्याला टॉयलेट कळतं तो आमचा पंधरा-वीस वर्षं साइट केलेला माणूस मॉडेल फिरवायचं म्हटलं की माउस बाजूला ठेवतो.

तिसरी आणि माझ्या दृष्टीने खरी. मॉडेल ड्रॉइंगच्या मागून येतं. आपल्याकडे बीआयएम म्हणून जे विकलं जातं ते बहुतेक वेळा असं असतं की कन्सल्टंट ऑटोकॅडमध्ये डिझाइन करणार, पीडीएफ पाठवणार, आणि एजन्सी त्यावरून थ्रीडी बनवणार. म्हणजे डिझाइन मॉडेलमध्ये होतच नाही, झालेल्या डिझाइनची नक्कल मॉडेलमध्ये होते. मग आरसीसीवाल्यांनी रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर सुधारित बीमची शीट टाकली, साइटने सकाळी त्याप्रमाणे सळई बांधायला घेतली, आणि एजन्सीच्या मॉडेलमध्ये अजून आधीचंच रिव्हिजन. दोन आठवड्यांनी क्लॅश रिपोर्ट येतो त्या बीमचा, जो आता तसा राहिलेलाच नाही. आयएसओ १९६५० या बीआयएमच्या मानकात कॉमन डेटा एन्व्हायर्नमेंट म्हणून छान व्यवस्था सांगितलीये, सगळ्या फाइल एका जागी, कुठली चालू, कुठली तपासायची, कुठली मंजूर ते ठरलेलं. आमचं कॉमन डेटा एन्व्हायर्नमेंट म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुप, आणि त्यात गुड मॉर्निंगचे फोटो पण.

कन्सल्टंटला सरळ विचारलं की सर तुम्हीच मॉडेलमध्ये का करत नाही. उत्तर अगदी प्रामाणिक होतं. माझी फी स्क्वेअर फुटावर, ती गेली कित्येक वर्षं तिथेच घुटमळतीये, मॉडेलचे जादा पैसे कोण देणार, तुम्ही देणार का? मी आमच्या साहेबांकडे बघितलं, साहेब चहाकडे बघत होते. फायदा होतो बिल्डरचा आणि थोडा कॉन्ट्रॅक्टरचा, कष्ट आणि खर्च कन्सल्टंटचा, तो कशाला करेल?

आणि खर्च खरंच लहान नाहीये. रेव्हिट बनवणाऱ्या ऑटोडेस्कने २०१६ पासून कायमस्वरूपी लायसन्स विकणं बंद केलं, आता सगळं भाड्याने, दर वर्षी. रेव्हिटची एक सीट म्हणजे ज्युनिअर ड्राफ्ट्समनचे कित्येक महिन्यांचे पगार, वर तगडा कॉम्प्युटर, कारण १८ मजले आणि सगळी एमईपी एकत्र उघडली की साधा लॅपटॉप मान टाकतो. रेव्हिट एलटी स्वस्त पडतं पण त्यात अनेकांनी एकाच मॉडेलवर काम करायची सोयच नाही, आणि बीआयएमचा मुद्दाच तो आहे. त्यात अजून एक भानगड, नव्या व्हर्जनमध्ये सेव्ह केलेली फाइल जुन्या व्हर्जनमध्ये उघडत नाही आणि खाली उतरवताही येत नाही, म्हणजे सगळ्या ऑफिसांनी एकच व्हर्जन धरून बसायचं. आणि हे फक्त आपल्यासारख्या काटकसरी लोकांचं गाऱ्हाणं आहे असं समजू नका, जुलै २०२० मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या आर्किटेक्ट फर्म्सनी, त्यात झाहा हदीद आर्किटेक्ट्स पण होते, ऑटोडेस्कला जाहीर पत्र लिहिलं होतं की खर्च वाढत चाललाय आणि रेव्हिटची प्रगती त्या मानाने होत नाहीये. एवढ्या मोठ्यांची ही स्थिती तर सदाशिव पेठेतल्या तीन माणसांच्या आरसीसी ऑफिसने काय करावं! मॉडेलच्या फाइलसाठी आयएफसी फॉरमॅट आहे, तो कुठल्याही एका कंपनीचा नाही, ब्लेंडरवर चालणारं बोन्साय हे सॉफ्टवेअर फुकट आहे, पण ते शिकायला निवांत वेळ लागतो आणि निवांत वेळ कोणाकडे आहे.

महापालिकेचं सांगायचं राहिलं. परवानगीसाठी ड्रॉइंग द्यायचं ते टूडीच, ऑटोडीसीआरसारखं प्लॅन तपासणारं सॉफ्टवेअर वाचेल अशा ठरलेल्या लेयरमध्ये, युडीसीपीआर २०२० (राज्याची बांधकाम नियमावली) प्रमाणे एफएसआय, मार्जिन, पार्किंग सगळं त्या रेघांवरून मोजलं जातं. सिस्टिम चांगलीच आहे, हाताने तपासायचे दिवस आठवले तर काटा येतो. पण परिणाम असा की आर्किटेक्टला कितीही आवडलं तरी मॉडेल हे त्याचं दुसरं काम, पहिलं काम सँक्शनचा सेट. सिंगापूरने नेमकी ही गाठ सोडवली, २०१३ पासून २०,००० चौरस मीटरवरच्या इमारतींचं आर्किटेक्चर बीआयएममध्येच सबमिट करायचं, २०१४ ला स्ट्रक्चर आणि एमईपी पण त्यात घेतलं, आणि २०१५ ला ती मर्यादा ५,००० वर आणली. म्हणजे परवानगीच मॉडेलवर मिळते म्हटल्यावर कन्सल्टंटने मॉडेल करायचं की नाही हा प्रश्नच उरला नाही. ब्रिटनमध्ये एप्रिल २०१६ पासून केंद्र सरकारच्या प्रकल्पांना सक्ती केली, तिथे सरकार म्हणजे गिऱ्हाईक, आणि गिऱ्हाईक म्हणतंय मला असंच पाहिजे. आपल्याकडे नागपूर मेट्रो बघा, महामेट्रोने तिथे ५डी बीआयएम घेतलं, म्हणजे थ्रीडी मॉडेलला वेळापत्रक आणि खर्च दोन्ही जोडलेले. तिथेही मालकानेच सुरुवातीला ठरवलं म्हणून झालं. आमच्यासारख्या खाजगी बिल्डिंगमध्ये मालक म्हणजे बिल्डर, आणि त्याला सुरुवातीला काहीच ठरवायचं नसतं, कारण सेल्सवाले अजून विचारताहेत की टू बीएचके चालेल का थ्री.

हे हसण्यावारी नेऊ नका, मोठी अडचण हीच आहे. मॉडेलला लागतो निर्णय, आणि तो लवकर लागतो. आमच्या धंद्याची सवय उशिरा ठरवायची आहे, आणि त्याला कारणं आहेत. एमईपी कॉन्ट्रॅक्टर आधी नेमला तर त्याचा ॲडव्हान्स आधी जातो, रेट आधी बांधला जातो, तांब्याचा भाव खाली आला तर काय, म्हणून तो नेमतात पोडियम वर आल्यावर. तो आला की म्हणतो साहेब हा फॅन आमच्या मेकमध्ये या साइजला येत नाही, पॅनल पण रुंद आहे, डक्ट इकडून नेऊ. झालं, आधीचं अर्धं कोऑर्डिनेशन पाण्यात. एजन्सी म्हणते हे रिव्हिजन स्कोपच्या बाहेर, जादा पैसे लागतील. एमईपीवाला म्हणतो मॉडेल तुमचं, मला माझं शॉप ड्रॉइंग करू द्या, बाकी साइटवर बघून घेऊ. हे ‘साइटवर बघून घेऊ’ ज्याने ऐकलं नाही तो बांधकामात नाहीच.

वर कराराचं बघा. एजन्सीच्या प्रत्येक शीटवर खाली बारीक ओळ, मॉडेल फक्त संदर्भासाठी, सही असलेलं ड्रॉइंगच ग्राह्य. आरसीसीवाल्याच्या करारात मॉडेलचा उल्लेख नाही, आर्किटेक्टच्याही नाही. मग क्लॅश सोडवला आणि तो चुकीचा सुटला तर जबाबदार कोण? कोणीच नाही. म्हणून मीटिंगमध्ये सगळे मान डोलावतात आणि मिनिट्सवर सही करायला कोणी पुढे येत नाही. शेवटी आम्ही असं केलं की प्रत्येक सुटलेला क्लॅश कन्सल्टंटच्या टूडी ड्रॉइंगमध्ये उतरवूनच घ्यायचा, त्याशिवाय तो बंद धरायचा नाही. काम दुप्पट झालं पण साइटला हातात सहीचा कागद मिळाला.

क्वांटिटीबद्दल वेगळं लिहितो कारण विकताना यावरच जोर असतो. काँक्रीट छान जमलं, मॉडेलचा आकडा आणि आरएमसीची (तयार काँक्रीटची) चलानं नेहमीचं वेस्टेज धरून जुळत होती, एका वेळच्या भरण्याला जास्त माल लागला तर लगेच विचारता आलं की गेला कुठे. सळई मॉडेलमध्ये नव्हतीच, एलओडी ३०० (मॉडेलमधल्या तपशिलाची पातळी) मध्ये ती येतही नाही, बीबीएस (सळईची कापण्या-वाकवण्याची यादी) आपला एक्सेलमध्येच. गोंधळ झाला प्लास्टरला. मॉडेल देतं निव्वळ क्षेत्रफळ, खिडकीचं भोक दोन्ही बाजूंनी वजा. आपलं बिल बनतं आयएस १२०० या मोजमापाच्या भारतीय मानकाप्रमाणे, त्यात अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या भोकाला वजावटच नाही, अर्ध्यापासून तीनपर्यंत फक्त एका बाजूची वजावट आणि कडा वेगळ्या मोजायच्या नाहीत, तीनच्या वर दोन्ही बाजू वजा आणि कडा धरायच्या. १.२ बाय १.५ ची खिडकी म्हणजे १.८ चौरस मीटर, मॉडेल दोनदा वजा करतं, करार एकदाच. टॉवरभर खिडक्या मोजा. प्लास्टर कॉन्ट्रॅक्टरसमोर मॉडेलचा आकडा ठेवला तेव्हा त्याने शांतपणे खिशातून पेन काढलं आणि एका फ्लॅटचं माप तिथल्या तिथे करून दाखवलं, आणि तो बरोबर होता. एजन्सीला हा नियमच माहीत नव्हता, त्यांची बाकीची कामं परदेशातली. नंतर त्यांनी फॉर्म्युला लावून दिला, पण तोपर्यंत आमच्या बिलिंगच्या पोराचा मॉडेलवरचा विश्वास उडाला तो उडालाच, अजून तो सगळं हातानेच मोजतो.

आता शाफ्टची गंमत. साइटवर मॉडेल बघायला टॅब घेतले होते, नेव्हिसवर्क्स फ्रीडम फुकट असल्याने केबिनमधल्या कॉम्प्युटरवर पण टाकलं. टॅब उन्हात दिसत नाही, धुळीने स्क्रीन खरखरीत होते, आणि हातात ग्लव्हज. थोड्याच दिवसांत टॅब स्टोअरच्या कपाटात गेले. मग आमच्या एका ज्युनिअर मॅडमनी शाफ्टचा थ्रीडी व्ह्यू काढला, प्रत्येक पाइपला वेगळा रंग, सॉइल (संडासचं), वेस्ट (बाथरूम-किचनचं), पावसाचं, फायर, बाजूला भिंतीपासूनची मापं, ए-थ्रीवर प्रिंट काढून लॅमिनेट केला आणि शाफ्टच्या दारालाच तारेने बांधला. फिटर लोकांना तो इतका आवडला की दुसऱ्या शाफ्टला लावायला उशीर झाला तर स्वतः मागायला आले, मॅडम तो रंगीत कागद द्या. टूडी सेक्शन वाचायला ज्याला फोरमन लागायचा तो हेल्पर आता स्वतः सांगत होता की इथे टी (पाइपचा जोड) उलटा आहे. हे एजन्सीच्या स्कोपमध्ये नव्हतं, कोणी विकतही नाही, आणि साइटवर सगळ्यात जास्त वापरलं गेलं ते हेच.

टिपिकल फ्लोअरबद्दल थोडक्यात, आमचा पहिला मजला मॉक-अप म्हणून करतोच, त्यात सगळं कळतं, पुढचे १७ त्याचीच कॉपी. तिथे मॉडेलने फार काही वेगळं दिलं नाही.

स्टार द्यायचे तर बेसमेंट-पोडियमला पाचपैकी साडेचार, शाफ्टला चार, टिपिकलला अडीच, क्वांटिटीला दोन, आणि वेळेला दीड, पण वेळेतला अर्धा दोष आमच्याकडून उशिरा गेलेल्या ड्रॉइंगचा आहे हे मान्य. माणसं नम्र, फोन उचलतात, रविवारीसुद्धा.

घ्यायचंच असेल तर माझ्या मते पेमेंट मॉडेलच्या टक्क्यांवर बांधू नका, स्लॅबवर बांधा, म्हणजे अमुक स्लॅब भरायच्या आधी त्याचे स्लीव्ह आणि कटआउटचं ड्रॉइंग कन्सल्टंटच्या सहीसकट साइटवर आलं तरच त्या टप्प्याचे पैसे. एमईपीचं टेंडर आधी काढा, निदान फॅन, पॅनल आणि पंपाचे मेक तरी ठरवून ठेवा. आरसीसी आणि एमईपी कन्सल्टंटच्या करारात एक ओळ टाका की आठवड्याच्या मीटिंगला निर्णय घेणारा माणूस येईल, आणि त्यासाठी चार पैसे जास्त द्या, द्यावेच लागतील. आयएस १२०० चं आधी विचारा, समोरचा गप्प झाला तर क्वांटिटी स्कोपमधून काढून टाका, तेवढीच फी कमी. रिव्हिजन किती फुकट आणि कितीनंतर पैसे हे लिहून घ्या.

पुढच्या प्रोजेक्टला आम्ही याच एजन्सीला घेतोय, यावेळी फक्त बेसमेंट, पोडियम, शाफ्ट आणि टेरेस, आणि रंगीत कागद स्कोपमध्ये घातलाय. काम निम्म्यावर आलं तरी दर मात्र त्यांनी वाढवून मागितलाय, त्यावर अजून घासाघीस चालू आहे.